दारूच्या दुकानाला मतदान, अणुभट्टीला नुसती सुनावणी

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद,
विधान भवन, मुंबई.

विषय: अणुऊर्जा प्रकल्पाच्या जागेबाबत स्थानिकांच्या संमतीला कायद्याचे बळ देण्याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या राज्यात गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल, तर त्यासाठी मतदान घेता येते. पंचवीस टक्के मतदारांनी सह्या करून मागणी केली की प्रशासनाला ते घ्यावे लागते, मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी बाटली छापलेली असते, आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकानाला टाळे लागते. हा नियम आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या मतदारसंघात राबवलेला आहे, आणि त्याचा अभिमान बाळगावा असाच तो आहे. मी राहतो त्या राजापूर तालुक्यात, माडबन, मिठगवाणे, निवेली आणि करेल या गावांच्या सड्यावर, प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याचे सरकारने ठरवले आहे. हाच जैतापूर प्रकल्प: एकूण ९,९०० मेगावॅट, आणि त्यासाठी ९३८ हेक्टर जमीन. हा प्रकल्प हवा की नको, हे मात्र मतपत्रिकेवर आम्हाला कधीही विचारले गेलेले नाही. या दोन गोष्टींमधले अंतर आपल्यापुढे मांडावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

माझ्याविषयी दोनच वाक्ये. मी निवृत्त शिक्षक आहे आणि तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवताना संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची मुलांकडून घोकून घेतलेली आहे. मी अणुऊर्जेचा सरसकट विरोधक नाही. कोळशाच्या राखेने काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला तसे असणे कठीण जाते. म्हणून ‘अणुऊर्जा चांगली की वाईट’ हा वाद मी येथे घालणार नाही. तो निर्णय कोणी, कोणत्या कायद्याने आणि कोणाला विचारून घ्यायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे पत्र आताच लिहिण्याला कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या आद्याक्षरी नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा आण्विक नुकसानीच्या नागरी उत्तरदायित्वाचा कायदा, असे दोन्ही त्याने मोडीत काढले आणि अणुवीज निर्मितीचे क्षेत्र खासगी भारतीय कंपन्यांना खुले केले. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच महानिर्मिती कंपनीने थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीच्या विकासासाठी रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुऊर्जा महामंडळाशी सामंजस्य करार केलेला होता. देशाची अणुवीज क्षमता आज नऊ हजार मेगावॅटच्या आत आहे, ती २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅटवर न्यायची असे केंद्राचे उद्दिष्ट आहे. म्हणजे यापुढे जागांचा शोध जैतापूरपाशी थांबणार नाही, आणि राज्य सरकार या व्यवहारात नुसता जमीन मिळवून देणारा मध्यस्थ राहणार नाही, ते स्वतः पक्षकार असेल. अशा वेळी इतर देशांनी ही गोष्ट कायद्यात कशी बसवली आहे, हे विधिमंडळाने पाहून घ्यावे.

सर्वात आधी फिनलंड, कारण आमच्या ग्रामसभेच्या सर्वात जवळ जाणारी व्यवस्था मला तिथेच दिसते. १९८७ च्या तिथल्या अणुऊर्जा कायद्यानुसार कोणताही मोठा आण्विक प्रकल्प उभारण्यापूर्वी सरकारने ‘तत्त्वतः निर्णय’ घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयाने समाजाचे एकूण हित साधते का, हे त्याला तपासावे लागते. निर्णय होण्याआधी कंपनीने प्रकल्पाचे सोप्या भाषेतले वर्णन छापून परिसरात वाटायचे असते, लोकांचे म्हणणे ऐकायचे असते, आणि नियामक संस्थेने सुरक्षिततेचा प्राथमिक अभिप्राय द्यायचा असतो. पण या सगळ्याहून महत्त्वाची अट अशी, की ज्या गावाच्या हद्दीत प्रकल्प येणार आहे त्या नगरपरिषदेचा होकार असल्याशिवाय सरकारला तो निर्णय घेताच येत नाही. गावाने नकार दिला, तर मंत्रिमंडळाकडे त्यावर मात करण्याचा कोणताही उपाय कायद्याने ठेवलेला नाही. गावाने होकार दिला, तरीही निर्णय संसदेपुढे जातो, आणि संसदेला तो जसाच्या तसा स्वीकारता किंवा फेटाळता येतो, त्यात काना-मात्रेचाही बदल करता येत नाही.

असा नकाराधिकार दिला तर देशात एकही अणुभट्टी उभी राहणार नाही, अशी भीती आपल्याकडे व्यक्त होईल, म्हणून पुढचेही सांगतो. फिनलंड आज आपल्या विजेचा सुमारे ४० टक्के भाग अणुऊर्जेतून मिळवते. युरायोकी नावाच्या, लोकसंख्येने आमच्या राजापूर शहराच्या जातकुळीतल्या एका नगरपरिषदेने ऑल्किलुओटोच्या अणुभट्ट्यांना होकार दिला, आणि इतकेच करून ती थांबली नाही. वापरलेले इंधन जमिनीखाली खडकात कायमचे पुरण्याच्या प्रकल्पावर जानेवारी २००० मध्ये तिथल्या सदस्यांनी मतदान केले, तेव्हा वीस जण बाजूने आणि सात जण विरोधात होते. जगात इतरत्र ज्या कचऱ्याला कोणी आपल्या शिवारात उभे करत नाही, तो स्वीकारणारे गाव नकाराचा अधिकार असलेल्या देशात सापडले. मालमत्ता कराचे उत्पन्न आणि नोकऱ्या ही त्याची कारणे आहेतच, आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण नाही म्हणण्याची सोय असली की हो म्हणायला माणूस कमी घाबरतो, हे शिक्षक म्हणून मी वर्गातही पाहिलेले आहे.

याच ऑल्किलुओटोत जैतापूरसाठी ठरलेल्या फ्रेंच बनावटीची अणुभट्टी उभी राहिली. काम २००५ मध्ये सुरू झाले, २००९ मध्ये वीज मिळणार होती, आणि नियमित वीज मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामांव्हिल येथे त्याच बनावटीच्या भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले, खर्च ३.३ अब्ज युरो धरलेला होता, तो १३ अब्जांच्या पुढे गेला आणि ती वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात, २०१५ साली, अणुभट्टीच्या पात्राच्या पोलादात कार्बनचे प्रमाण काही ठिकाणी जास्त असल्याचे आढळले, आणि फ्रान्सच्या नियामक संस्थेने ते लोकांपुढे जाहीर करून पुढे पात्राचे झाकण बदलण्याची अट घातली. हे आम्हाला रत्नागिरी जिल्ह्यात बसून कळते, याचे श्रेय तिथल्या कायद्याला आहे. २००६ च्या पारदर्शकता कायद्याने फ्रान्समधल्या प्रत्येक मोठ्या आण्विक केंद्राच्या परिसरात स्थानिक माहिती आयोग बंधनकारक केला आहे. त्यात निवडून आलेले स्थानिक प्रतिनिधी, पर्यावरण संस्था, कामगार संघटना आणि जाणकार बसतात, आणि केंद्र चालवणाऱ्या कंपनीला त्यांच्या प्रश्नांना ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. फ्रान्स या बाबतीत अगदी सोवळे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. फ्लामांव्हिलवर राष्ट्रीय सार्वजनिक चर्चा २००५ च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा भट्टी बांधण्याची दिशा सरकारने आधीच पक्की केलेली होती. तरी चर्चा झाली, आणि तिचे कागद आहेत. भट्टी विकणाऱ्या देशाने आपल्या घरी जे बंधन पाळायचे, ते विकत घेणाऱ्या देशात का नसावे, याचे उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेले नाही.

इटलीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती नेहमी अर्धवट सांगितली जाते. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर नोव्हेंबर १९८७ मध्ये इटलीने सार्वमत घेऊन अणुऊर्जा बंद केली, असे आपण वाचतो. प्रत्यक्षात त्या मतपत्रिकांवर ‘अणुऊर्जा बंद करावी का’ असा प्रश्न नव्हताच. अणुऊर्जेशी संबंधित तीन प्रश्न होते आणि तिन्ही कोरडे, कायद्यातल्या कलमांविषयीचे होते. नगरपालिकेने ठरलेल्या मुदतीत जागेचा निर्णय घेतला नाही तर केंद्रीय समितीने तो घ्यावा, ही तरतूद रद्द करावी का, हा पहिला. अणुवीज किंवा कोळशाचे केंद्र स्वीकारणाऱ्या नगरपालिकांना जे अनुदान मिळते ते रद्द करावे का, हा दुसरा. आणि सरकारी वीज कंपनीने परदेशातल्या अणुप्रकल्पांत भाग घेण्याची मुभा काढावी का, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांना सुमारे ८० टक्के मतदारांनी ‘रद्द करा’ असे उत्तर दिले. म्हणजे इटलीच्या मतदाराने जे मोडले, ते गावाच्या डोक्यावरून जागा ठरवण्याचा अधिकार आणि गावाची संमती पैशाने मिळवण्याची सोय. या दोन खुंट्या निघाल्यावर अणुऊर्जा कार्यक्रम उभा राहू शकला नाही आणि १९९० पर्यंत तिथली केंद्रे बंद झाली. पुढे २००९ मध्ये नव्या सरकारने कायदा करून ती दारे पुन्हा उघडली, तर जून २०११ मध्ये, जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेला जेमतेम तीन महिने झालेले असताना, पुन्हा सार्वमत झाले, निम्म्याहून अधिक मतदार बाहेर पडले आणि त्यांतल्या सुमारे ९४ टक्क्यांनी तो कायदा उडवला. आता तिथले सरकार छोट्या अणुभट्ट्यांसाठी पुन्हा नव्या कायद्याच्या तयारीत आहे. होऊ द्या, पण तिथे हो असो की नाही, ते कायद्याच्या पुस्तकात लिहावे लागते आणि खोडायचे तर लोकांसमोर खोडावे लागते.

ऑस्ट्रियाने तर बांधून पूर्ण झालेले केंद्र सुरू केले नाही. व्हिएन्नाजवळ डॅन्यूबच्या काठी त्स्वेन्टेन्डॉर्फ येथे भट्टी तयार होती, आणि ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के लोकांनी तिला नकार दिला. फरक सुमारे तीस हजार मतांचा. त्याच वर्षी अणुवीज निर्मितीवर बंदी घालणारा कायदा झाला आणि १९९९ मध्ये त्याला घटनात्मक दर्जा मिळाला. नियंत्रण कक्षातले दिवे प्रत्यक्ष कामासाठी कधीही न पेटलेले ते केंद्र आज इतर देशांतल्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाते. एवढा पैसा बुडवणे शहाणपणाचे होते का, यावर माझे मत फारसे अनुकूल नाही. विचारायचेच होते तर पाया खणण्याआधी विचारायला हवे होते, आणि माझी मागणी नेमकी तीच आहे.

बाकीचे देश भराभर पाहू. जर्मनीने २००२ मध्ये कायद्याने टप्प्याटप्प्याने बंदी ठरवली, २०१० मध्ये मुदत वाढवली, २०११ मध्ये पुन्हा आवळली आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. या उलटसुलटीपायी कंपन्यांना सुमारे २.४ अब्ज युरो भरपाई द्यावी लागली. बेल्जियमने २००३ मध्ये केलेला बंदीचा कायदा मे २०२५ मध्ये संसदेने मागे घेतला. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी २०१७ मध्ये नव्या भट्ट्यांना बंदी घालणाऱ्या कायद्याला ५८ टक्के मतांनी मान्यता दिली, जुन्या भट्ट्या सुरक्षित आहेत तोवर चालू ठेवल्या. कझाकस्तानने ऑक्टोबर २०२४ मध्ये सार्वमत घेऊन होकार मिळवला. ऑस्ट्रेलियाच्या भूमीत युरेनियमचे जगातले सर्वात मोठे ज्ञात साठे आहेत, ते युरेनियम विकते, आणि स्वतःच्या देशात अणुवीज केंद्राला मान्यता द्यायला कायद्याने मनाई करते. हा विनोद ऑस्ट्रेलियन लोकांनाही कळतो. न्यूझीलंडने १९८७ च्या कायद्याने अणुऊर्जेवर बंदी घातल्याचे अनेकदा छापून येते, ते चूक आहे. तो कायदा अण्वस्त्रे आणि अणुशक्तीवर चालणारी जहाजे यांच्यापुरता आहे, जमिनीवरच्या वीज केंद्राला त्यात मनाई नाही.

आता नुकसानभरपाईकडे वळतो, कारण या विषयात कायद्याचे खरे दात तिथेच असतात. जर्मनी आणि जपान या दोन देशांत अणुभट्टी चालवणाऱ्या कंपनीचे उत्तरदायित्व अमर्याद आहे. जपानमध्ये ते १९६१ च्या कायद्यापासून आहे. फुकुशिमाच्या दुर्घटनेपोटी तिथल्या कंपनीने आजवर १० लाख कोटी येनहून अधिक भरपाई दिली आहे, रुपयांत ती पाच लाख कोटींच्या पुढे जाते. कंपनी अर्थातच एकटीने हे पेलू शकली नाही, सरकारला तिच्यात पैसा ओतून ती जवळजवळ ताब्यात घ्यावी लागली. पण भरपाईचा आकडा आधी कायद्यात लिहून ठेवलेला नसल्यामुळे नुकसान मोजले गेले आणि मग पैसे शोधले गेले. आपल्याकडे उलटे आहे. २०१० च्या कायद्यात चालवणाऱ्याची मर्यादा १,५०० कोटी रुपये होती. नव्या कायद्यात सर्वात मोठ्या भट्ट्यांसाठी ती ३,००० कोटी आहे आणि छोट्यांसाठी क्षमतेनुसार त्याहूनही खाली उतरत जाते. जपानमध्ये प्रत्यक्ष लागलेली रक्कम आपल्या वरच्या मर्यादेच्या दीडशे पटींहून अधिक आहे, हा भागाकार आपण स्वतः करून पाहावा.

शिवाय २०१० च्या कायद्याच्या १७ व्या कलमात एक पोटकलम होते, ज्यानुसार सदोष यंत्रसामग्री पुरवल्यामुळे अपघात झाला तर चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून वसुली करता येत असे. भोपाळचा निकाल त्याच वर्षी जूनमध्ये लागला होता आणि सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीची आठवण संसदेत ताजी होती, म्हणून ते पोटकलम आले. परदेशी कंपन्यांना ते कायम खुपत होते, आणि नव्या कायद्यात ते उरलेले नाही. करारात लिहिले असेल तरच किंवा मुद्दाम घातपात केला असेल तरच वसुली. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून केवळ सरकारी आदेशावर चालत होते, त्याला या कायद्याने वैधानिक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली आणि ती चाळीस वर्षे उशिरा झाली, हेही नोंदवले पाहिजे.

आपण म्हणाल, की अणुऊर्जा हा संघसूचीतला विषय आहे, सहावी नोंद, त्यात विधिमंडळ काय करणार? हे मीच वर्गात शिकवले आहे. पण त्याच पुस्तकात पुढच्या पानावर राज्यसूची आहे, आणि तीत जमीन आहे, पाणी आहे, मासेमारी आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, पोलीस आहेत आणि ग्रामपंचायती आहेत. अमेरिकेत हाच पेच कॅलिफोर्नियापुढे होता. अणुसुरक्षा हा संघराज्याचा विषय, म्हणून राज्याला त्याला हात लावता येत नाही. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये कायदा केला, की वापरलेल्या इंधनाची कायमची विल्हेवाट लावण्याची मान्य पद्धत उपलब्ध होईपर्यंत राज्यात नवे अणुवीज केंद्र उभारता येणार नाही, आणि त्याचे कारण सुरक्षिततेचे न देता खर्चाचे दिले. वीज कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर शोरहॅमचे केंद्र सुमारे ६ अब्ज डॉलर खर्चून उभे राहिले होते, तर तिथल्या जिल्हा प्रतिनिधींनी १९८३ मध्ये ठराव केला, की अपघात झाल्यास या निमुळत्या बेटावरून लोकांना सुखरूप हलवणे अशक्य आहे, म्हणून स्थलांतराच्या आराखड्यात आम्ही सहभागी होणार नाही. त्या केंद्रातून व्यापारी वीज कधीच निघाली नाही. त्याचा भुर्दंड पुढे वर्षानुवर्षे वीजग्राहकांनी बिलातून भरला, हेही खरे. आणि एवढे लांब कशाला जायचे? पश्चिम बंगालमधल्या हरिपूरला रशियन बनावटीच्या भट्ट्या येणार होत्या. ऑगस्ट २०११ मध्ये तिथल्या राज्य सरकारने नकार दिला, आणि संघसूची असूनही प्रकल्प उभा राहिला नाही.

शोरहॅमच्या ठरावापाशी मी थोडा थांबतो, कारण आपल्याकडेही कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा राबवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर, म्हणजे राज्याच्या यंत्रणेवर असते, आणि त्याचे नियोजन भट्टीभोवतीच्या १६ किलोमीटरपर्यंतच्या परिसरासाठी करायचे असते. माडबनपासून १६ किलोमीटरचे वर्तुळ काढले तर ते खाडी ओलांडून विजयदुर्गला कवेत घेते, म्हणजे रत्नागिरीबरोबर सिंधुदुर्ग जिल्हाही त्यात येतो. आमच्या भागातले रस्ते आपण पाहिले असतील. समोरून एसटी आली की रिक्षाला गडग्याला चिकटून उभे राहावे लागते. गणपतीत चाकरमानी आले की घराघरांत माणसे दुप्पट-तिप्पट होतात, आणि त्याच दिवसांत दरड कोसळून घाट बंद होण्याचीही शक्यता असते. साखरीनाट्याच्या होड्या बाहेर समुद्रात असतात, त्यांना परत फिरा असे कोणी, कशावरून सांगायचे, आणि त्यांनी कोणत्या बंदरात शिरायचे? या प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहून गावच्या चावडीवर लावता येत नसतील, तर जागा ठरवण्याची घाई कशाला?

आमच्याकडे आजवर जे झाले त्याला सुनावणी म्हणतात. माडबनला पर्यावरणविषयक जनसुनावणी १६ मे २०१० रोजी झाली, पर्यावरण मंजुरी ३५ अटींसह २८ नोव्हेंबर २०१० रोजी मिळाली आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष भारतात येऊन प्राथमिक करारावर सह्या झाल्या. एप्रिल २०११ मध्ये नाटे येथे पोलीस गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. ग्रामसभांचे विरोधाचे ठराव मधल्या काळात झाले, पण त्या ठरावांना कायद्यात जागाच नाही. मी अशाच एका वेगळ्या प्रकल्पाच्या सुनावणीला बोललो होतो. मंडपात पंखे होते ते मंचाच्या दिशेने तोंड करून होते, माईक हातोहात फिरत होता, आणि माझे बोलणे संपल्यावर मंचावरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ‘नोंद घेतली आहे’ असे सांगून पुढचे नाव पुकारले. त्या नोंदीचे पुढे काय झाले, हे विचारायला मी तीनदा गेलो. वागणूक सौजन्याची मिळाली, उत्तर मिळाले नाही. सुनावणीचा कायदाच तेवढा आहे: हरकत लिहून घ्यायची, तिला बांधील राहायचे नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा झाला, तेव्हा ज्या तेरा कायद्यांना चौथ्या अनुसूचीत घालून त्याच्या अटींपासून बाजूला ठेवले गेले, त्यांत अणुऊर्जा कायदाही होता.

जमिनीचा मोबदला निदान सातबारा पाहून तरी ठरतो. साखरीनाट्याला एकदा जेटीजवळ सुकवायला घातलेली कोळंबी राखत बसलेल्या एका बाईंशी मी या मोबदल्याविषयी बोलत होतो. हातातल्या काठीने कावळे हाकलत त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “गुरुजी, दर्याचा सातबारा कुणाच्या नावावर असतो?” अणुभट्टीतून बाहेर पडणारे कोमट पाणी समुद्रात ज्या पट्ट्यात सोडायचे आहे, त्या पट्ट्यात जाळे टाकणाऱ्याचे नाव कुठल्याच संपादन यादीत येत नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, तिथल्या पुनर्वसनाचे प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांच्याकडे सातबारा होता, त्यांची ही कथा. ज्यांच्याकडे नव्हताच, त्यांनी कोणत्या दाराशी उभे राहायचे?

म्हणून माझी विनंती अशी आहे, की येत्या अधिवेशनात आपण पक्षभेद बाजूला ठेवून एक विधेयक आणावे. राज्याच्या मालकीची किंवा राज्याने संपादित केलेली जमीन, राज्याचे पाणी आणि महानिर्मितीचा पैसा कोणत्याही अणुवीज प्रकल्पाला देण्यापूर्वी, भट्टीपासून १६ किलोमीटरच्या आतल्या ग्रामपंचायती आणि नगरपंचायतींत गुप्त मतदान घेणे त्यात बंधनकारक असावे, आणि त्या परिसरातल्या बंदरांवरच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना, ते कुठेही राहत असले तरी, त्या मतदानात मत असावे. मतदानाच्या सहा महिने आधी प्रकल्पाचा अहवाल, खर्चाचा अंदाज आणि दोन्ही जिल्ह्यांचा आपत्कालीन आराखडा मराठीत छापून सभागृहाच्या पटलावर ठेवला जावा. फ्रान्ससारखा स्थानिक माहिती आयोग तारापूरला आजच नेमता येईल, त्यासाठी नव्या भट्टीची वाट पाहण्याची गरज नाही. आणि भरपाईची मर्यादा वाढवून पुरवठादाराकडून वसुलीचे कलम परत आणण्याची शिफारस करणारा ठराव दोन्ही सभागृहांनी केंद्राकडे पाठवावा. तो केंद्रावर बंधनकारक नसेल, पण महाराष्ट्रात तारापूर आहे आणि जैतापूर होऊ घातले आहे, तेव्हा या राज्याच्या ठरावाला वजन राहील.

न्यायालयात हे विधेयक टिकेल का, अशी शंका आपले विधी सल्लागार काढतील आणि ती रास्त आहे. कॅलिफोर्नियाप्रमाणे मसुद्याची भाषा अणुसुरक्षेची न ठेवता जमीन, पाणी, राज्याचा खर्च आणि लोकांचे स्थलांतर यांच्याभोवती ठेवली, तर शंकेला बरेच उत्तर मिळते. बाकीचे न्यायालय ठरवील.

मसुदा करण्यापूर्वी आपल्यापैकी काहींनी आमच्याकडे यावे असेही वाटते. जून-जुलैमध्ये यावे. मासेमारीला तेव्हा बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि माणसे घरी भेटतात. सड्यावर त्या दिवसांत गवत उगवलेले असते आणि गुरे चरत असतात, म्हणजे सरकारी कागदात ज्या जागेला पडीक म्हटले आहे ती कशी दिसते, हेही त्या फेरीत पाहून होईल. राहण्याजेवणाची सोय मी करीन. छत्री मात्र आपापली आणावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
राजापूर तालुका, जिल्हा रत्नागिरी.